हेवी मेटलचे मिश्रण आणि श्रोत्यांचा अभिप्राय

मेटॅलिकाच्या १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, अशी रसिकांची जुनी तक्रार आहे. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चा आवाज तर इतका चढवला की तो फाटला. रसिकांनी सह्या गोळा करून नवे मिश्रण मागितले.

खानापुरात आमच्या गाण्याला काहीजण 'गोंगाट फार' म्हणतात, ते मी सोडून देतो. 'शब्द कळत नाहीत' हे मात्र सोडवत नाही; मग गाणे मराठीत केले कशाला? यावर गायकाचा आवाज नुसता वाढवू नये. व्यंजने उमटतात ती साधारण २००० ते ४००० हर्ट्‌झमध्ये, आणि गिटारची धारही तेथेच. तेवढ्या पट्ट्यात गिटार दोन-तीन डेसिबल उतरवावी व त्याच श्रोत्याला पुन्हा ऐकवावे.