खिमा-पाव : एक शोध

परगावी गेलेल्या माणसाला प्रथम शोधावे लागते ते पोटभर आणि परवडणारे अन्न. मुंबईत खाण्याची दुकाने गल्लोगल्ली आहेत. परंतु खिशात मोजके पैसे, हातात पिशवी आणि पुढे दिवसभराचे काम असलेल्या माणसाने नेमके कोठे बसावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात मी त्याचे उत्तर एकाच पदार्थापुरते शोधले आहे. तो पदार्थ म्हणजे मुंबईच्या इराणी हॉटेलांतील खिमा-पाव.

विषय सांगितला तेव्हा वर्गातील मैत्रिणींनी नाके मुरडली. वार्षिक अंकात संतवाङ्मयावर लिहावे, नाट्यछटा लिहावी. खिम्यावर काय लिहायचे, असा त्यांचा सूर होता. माझे म्हणणे असे की, ज्या पदार्थाच्या एका बशीत तुर्की, फारसी आणि पोर्तुगीज शब्द शेजारी शेजारी बसतात, आणि ज्याच्या टेबलाशी आपल्या समाजातला एक जुना प्रश्न गुंतलेला आहे, तो पदार्थ अभ्यासाला अपात्र ठरवता येणार नाही.

खिमा हा शब्द तुर्की-फारसीतून आपल्याकडे आला. बारीक चिरलेले मांस असा त्याचा अर्थ. त्याच घराण्यातला कोफ्ता हा शब्द फारसीतील कुटणे या अर्थाच्या धातूपासून झाला. पाव मात्र पोर्तुगिजांचा. पायाने कणीक तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आमच्याकडे अजूनही ठासून सांगितली जाते. ती चुकीची आहे. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द. तेथे खमीर मिळेना तेव्हा माडी घालून पीठ आंबवण्याची युक्ती निघाली. खिम्यात पडणारी मिरची आणि टोमॅटो हेही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे आपल्याकडे रुजलेले.

मांस बारीक करून पावाबरोबर खाणे ही काही मुंबईची एकटीची कल्पना नव्हे. तुर्कस्तानात कोफ्ते पावात घालून रस्त्यावर विकतात. अमेरिकेत गेलेल्या इटालियन मजुरांनी खिम्याचे गोळे टोमॅटोच्या रश्शात शिजवून लांबट पावात भरले. या साऱ्यांमागचे कारण मला एकच दिसते. मान, खांदा असे चिवट आणि म्हणून स्वस्त भाग बारीक केले की लवकर शिजतात. थोडे मांस पुष्कळ पावाला पुरते. आणि पाव विकत मिळत असल्यामुळे घरी चूल नसली तरी अडत नाही. ज्या शहरात बायकामुले गावी ठेवून पुरुष एकटे कामाला येतात, तेथे असा पदार्थ निघणारच. सोलापूरही गिरण्यांचे गाव; पण येथला कामगार पुष्कळदा घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून नेई. तेथे पावाला काय काम?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. त्या अमलात पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेले लोक बाटले, अशी कथा तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो. पाण्यात पडलेल्या एका पावाने माणसाची जात आणि नातीगोती सुटू शकतात, हे ऐकणाऱ्यांना अशक्य वाटत नव्हते, एवढे तिच्यातून निश्चित कळते. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली आणि त्यावरून ग्रामण्य उभे राहिले. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. एवढ्या मोठ्या माणसांना एका कपासाठी शास्त्राधार शोधावे लागले, तर सामान्य माणसाची काय कथा!

याच सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून झरतुष्ट्री लोक पोटापाण्यासाठी मुंबईत येत होते. त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार ती घेत नसत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगतात. दोन्ही रस्त्यांवरून आत येता येईल असे दुकान, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक स्वतः. आणि पाट्या! केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, खुर्चीवर पाय ठेवू नका. या पाट्यांवर निस्सीम इझिकील यांनी इंग्रजीत एक कविताच लिहिली आहे. इतक्या गोष्टींना मनाई करणाऱ्या या दुकानांत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नसे, तो म्हणजे येणाऱ्याच्या जातीचा.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी घरी कळले. माझे आजोबा तरुणपणी काही वर्षे मुंबईच्या गोदीत हमाली करत होते. त्यांच्या मूळ गावी चहाच्या दुकानात आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले असत. चहा वरून ओतला जाई. प्यायल्यावर कप आपणच धुऊन कोनाड्यात परत ठेवायचा. ही १९६० नंतरची गोष्ट आहे. मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलाविषयी आजोबा खिम्याच्या चवीचे फारसे सांगत नसत. ते म्हणत, "खुर्चीवर बसलं की पोऱ्या फडकं मारून जायचा. काय पायजे म्हनून इचारायचा. कोन हाय, ते इचारत न्हवता."

कायद्याच्या बाजूने पाहिले तर भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून तेथे कोणालाही अडवता येणार नाही, असे तो सांगतो. संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याने तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. राज्यशास्त्राच्या तासाला हा भाग भराभर पुढे सरकतो. पंधरावा अनुच्छेद समानतेचा, एवढे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. परंतु देशाचा मूलभूत कायदा लिहिणाऱ्यांना त्यात हॉटेल हा शब्द घालावासा वाटला, याचा अर्थ कोनाड्यातला कप त्यांना ठाऊक होता. कायदा झाल्यावरही तो कप काही वर्षे कोनाड्यातच राहिला, ही गोष्ट वेगळी.

येथे एका विरुद्ध पुराव्याची नोंद करणे आवश्यक आहे. नाहीतर हा लेख इराण्यांची आरती होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी जमावाने आले आणि त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनीच ही हकीकत दिली आहे. धर्मशाळा वेगळी आणि चहाचे हॉटेल वेगळे, हे मान्य. पण दोन्ही झरतुष्ट्र्यांचीच. तेव्हा इराण्यांनी समतेचे व्रत घेतले होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांना गिऱ्हाईक हवे होते, आणि परक्या देशातून आलेल्या माणसाला येथल्या पायऱ्या मोजण्यात फायदा नव्हता. शिवाय टेबल दहा मिनिटांसाठी द्यायचे असते, खोली रात्रभरासाठी. दहा मिनिटांची समता देणे सोपे असते. तरी ज्याला ती दहा मिनिटेही गावात मिळाली नव्हती, त्याच्या हिशेबी तिचे मोल कमी नव्हते.

वडापावावर इतके लिहिले जाते, मग खिमा-पावच का, असे कोणी विचारील. वडापाव उभ्याने खातात. खिमा-पावाला बशी लागते, टेबल लागते आणि शेजारी अनोळखी माणूस असतो. स्त्रियांच्या बाबतीत एक पायरी आणखी होती. अनेक इराणी हॉटेलांत त्यांच्यासाठी आडोशाची फॅमिली रूम असे. ज्या काळी बाईने बाहेर खाणे हेच अघटित होते, त्या काळी तो आडोसाही सोयीचाच म्हणायचा. आमची आजी मात्र मुंबईला कधी गेली नाही आणि हॉटेलात कधी बसली नाही.

आता प्रत्यक्ष शोधाविषयी. गेल्या वर्षभरात मामांबरोबर कामानिमित्त दोनदा मुंबईस जाण्याचा योग आला. आजोबा ज्या हॉटेलात बसत त्या जागी आता औषधांचे दुकान आहे. मुंबईतील इराणी हॉटेले एकामागून एक बंद होत गेली. मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली, आणि कोपऱ्याची ती अशुभ जागा फारच मोलाची झाली. जी उरली त्यांतल्या सगळ्यांकडे खिमा चांगला मिळतो असेही नाही. म्हणून थोडी पारख लागते.

पहिली पारख रंगाची. मांसात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते. ते पाणी आटेपर्यंत भांड्यातील उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला तपकिरी रंग व खमंगपणा येण्यास साधारण एकशे चाळीस अंश लागतात. ज्याला घाई असते तो पाणी आटण्याआधीच मसाला घालून मोकळा होतो. असा खिमा करडा दिसतो आणि उकडल्यासारखा लागतो. चांगल्या खिम्याच्या कडेने तेलाची पातळ रेघ सुटलेली असते. तवंग नव्हे, रेघ.

दुसरी पारख दाण्याची. सुऱ्याने चिरलेला खिमा दातांखाली कळतो. यंत्रातून फार बारीक काढलेला पिठल्यासारखा होतो. आम्हा सोलापूरकरांना ही पारख लवकर जमते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादच्या, नावाने ओळखली जाणारी शेळी मांसासाठी प्रसिद्ध आहे, आणि ती आमच्याही जिल्ह्यात पाळतात. खाटकासमोर उभे राहून 'बारीक नको, जरा जाडसर' असे सांगण्याची आमच्या घरांतली सवय जुनी आहे. तिसरी पारख मटारची. मूठभर मटार शोभेचा. त्याहून अधिक असेल तर मटणाचा भाव वाढला आहे असे समजावे. बटाटा दिसला तर बोलूच नये.

पावाची वेळ पाहावी. सकाळच्या लादीपावाचा मऊपणा दुपारनंतर राहत नाही. इराण्यांकडे ब्रून म्हणून जाड, कडक कवचाचा पावही असतो. मला तो आवडला, कारण तो दातांशी थोडा भांडतो आणि आपल्या कडक भाकरीची आठवण देतो. भाकरी रश्शात चुरावी लागते; ब्रूनचा तुकडा मोडून नुसता खिम्यावरून फिरवला तरी पुरते.

सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. तेथून महापालिका मार्गाने आझाद मैदानाच्या कडेने चालत गेले की धोबी तलावाचा चौक लागतो. मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महाल या जुन्या इमारतीत कयानी आहे; १९०४ सालचे. तेथला खिमा सौम्य आहे. आमच्या जिभेला तिखट कमी वाटले, मामांनी तर मिरची मागून घेतली. परंतु पाणी नीट आटवलेले होते आणि पाव ताजा होता. त्याहून मला आवडला तो कुलाब्याच्या ऑलिंपियाचा, १९१८ सालच्या. समोरच लिओपोल्ड आहे, तेथे परदेशी पाहुण्यांची गर्दी असते. ऑलिंपियात मात्र आमच्या टेबलाला एक टॅक्सीवाले काका आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक कारकून असे दोघे आधीच बसलेले होते. काकांनी न बोलता आपली बशी अलीकडे ओढून मला जागा करून दिली. खिमा गडद, दाणेदार, कडेने रेघ सुटलेला. मटार नाही. फोर्टमधले कॅफे मिलिटरी १९३३ सालचे. तेथे जायचे राहिले आहे. खिम्यात अंडे फोडून परततात त्याला घोटाळा म्हणतात, तो प्रकार खाल्ला नाही, पण नाव आवडले.

दरांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत; अंक छापून हाती येईपर्यंत ते बदललेले असतील. बसण्याआधी दरफलक वाचावा, त्यात लाज नाही. बहुतेक ठिकाणी दोन पाव खिम्याबरोबर येतात आणि तिसऱ्याचे पैसे वेगळे पडतात. ब्रून हवा असेल तर खिमा सांगतानाच तसे सांगावे. मऊ पाव एकदा टेबलावर आला की पोऱ्या तो उचलून परत नेत नाही.