रस्ता कशाचा बनतो? आपल्या जमिनीचा आणि आपल्या डोंगराचा

या महिन्याचा अभ्यास : गावातून जाणारा हायवे, शेजारची खण आणि आपला हक्क
(गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. शेवटच्या प्रश्नांवर सगळ्यांनी बोलावं.)



आपल्या हातकणंगले तालुक्यातून दोन मोठे रस्ते जातात. एक पुणे-बेंगळुरू महामार्ग. त्याला आपण अजून ‘एनएच फोर’ म्हणतो, नवा नंबर ४८. शिरोली, नागाव फाटा, टोप, वाठार, किणी, घुणकी ही गावं त्याच्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ. दुसरा कोल्हापूर-सांगली रस्ता. चोकाक, अतिग्रे, हातकणंगले या बाजूनं जाणारा हा रस्ता आता रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा, म्हणजे नंबर १६६ चा भाग झालाय. आपला बाजार, दवाखाना, पोरांचं कॉलेज, एमआयडीसीतली नोकरी सगळं या दोन रस्त्यांवर अवलंबून आहे. रस्ता नको असं आपल्यापैकी कुणीच म्हणणार नाही.

पण रस्ता बनतो कशाचा? दोन गोष्टी लागतात. अंथरायला जमीन, आणि भरायला दगड. दोन्ही गावातून जातात. दोन्ही जाताना कागद होतो, आणि त्या कागदावर बाईचं नाव, बाईची सही, बाईचा प्रश्न क्वचितच असतो. म्हणून हे दोन कागद या पाठात समजून घेऊ.

१. दगडाचा हिशोब

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं की शिरोली, नागाव मागं टाकून टोप लागतं. काळ्या दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर यांच्यासाठी हे गाव सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. आपल्या घराच्या स्लॅबची खडीसुद्धा अशाच एखाद्या खाणीतून आलेली असते. दगड फोडण्याचं कसब पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजानं सांभाळलं. सुतकी आणि पहार घेऊन त्या बायकाही पुरुषांच्या बरोबरीनं उन्हात राबल्या. आता सुरुंग, पोकलेन आणि क्रशर आले.

एक गणित करू. दोन पदरी रस्त्याची डांबरी पट्टी सात मीटर रुंद असते. एक किलोमीटर लांबीत खडीचा पाव मीटर, म्हणजे साधारण दहा इंचांचा थर टाकायचा म्हटलं तर :

१००० × ७ × ०.२५ = १७५० घनमीटर.

एक घनमीटर म्हणजे ३५ घनफुटांहून थोडं जास्त. म्हणजे सुमारे ६१,८०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून सुमारे ६१८ ब्रास. एका डंपरमध्ये चार ब्रास धरले तर १५५ खेपा. जाऊन-येऊन ३१० वेळा डंपर गावच्या रस्त्यावरून जाणार. हे फक्त एका किलोमीटरचं आणि दोन पदरांचं. चार पदरी रस्ता म्हटलं की दुप्पट करा.

म्हणजे हायवे गुळगुळीत होताना खणीकडं जाणारा गावचा रस्ता उखडतो. धूळ चुलीपर्यंत येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उसाच्या पानावर बसते. पोरांचा खोकला हटत नाही. ती धूळ आपण पदरानं पुसतो आणि गप्प बसतो.

२. खणीला नियम आहेत

दगड, मुरूम, वाळू यांना सरकारी भाषेत ‘गौण खनिज’ म्हणतात. ‘गौण’ म्हणून कुणीही काढावं असं नाही. काढायला परवाना लागतो, सरकारला स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी भरावी लागते, आणि वाहतुकीचा पास गाडीत असावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे परवान्याशिवाय उत्खनन केलं तर मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाडी जप्त होऊ शकते. तो अधिकार महसूल खात्याकडं आहे, म्हणजे आपल्यासाठी पहिलं दार तहसीलदारांचं.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल. म्हणजे ‘आमची खण लहान आहे’ ही सबब उरली नाही.

क्रशरला वेगळे नियम आहेत. धूळ अडवायला पत्र्याचं आच्छादन, पाण्याचा फवारा, वाऱ्याच्या बाजूला भिंत, आवारातला रस्ता पक्का आणि ओला, कडेनं झाडं. हे नुसतं कागदावर आहे की जागेवर आहे, ते गावाला डोळ्यानं दिसतं. दिसत नसेल तर तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं करायची. त्यांचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे.

दगड संपल्यावर काय, हाही प्रश्न आहे. मागं राहते खोल खण. कोल्हापूर शहरातली इराणी खण आपल्याला ठाऊक आहे, तिथं आता गणपती विसर्जन होतं. टोपची खण मात्र महापालिकेच्या कचऱ्यासाठी ठरवली गेली, तेव्हा गावानं विरोध केला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. म्हणून खण सुरू असतानाच विचारायचं : कुंपण कधी घालणार? संपल्यावर काय करणार? पाण्यानं भरलेल्या उघड्या खणीत पोरं पोहायला जातात, हे आईला वेगळं सांगायला नको.

३. खणीचा पैसा गावाकडं येतो का?

येण्याची वाट कायद्यात आहे. २०१५ साली खाण कायद्यात बदल होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ नेमायचं ठरलं. आपल्या जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागात बॉक्साइट निघतं. गौण खनिजाच्या खाणींकडूनही राज्य सरकार हा निधी गोळा करू शकतं. तो प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेप्रमाणे खर्चायचा असतो. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, स्वच्छता, कौशल्य प्रशिक्षण ही कामं त्यात पहिल्या क्रमांकावर आहेत. रस्ते आणि इमारती त्यानंतर.

आता बघा, ही पहिली यादी म्हणजे आपल्या ग्रामसंघाच्या मागण्यांचीच यादी आहे! तरी आपण ती मागतच नाही. गाव खणीजवळ असेल तर ग्रामसभेत ठराव करून मागणी पाठवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं ग्रामपंचायत कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं हा विषय मांडा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. नुसतं तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

खणीवर किंवा क्रशरवर काम करणाऱ्या ताईंसाठी एक खास गोष्ट. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत दगड फोडणं आणि दगडाचा चुरा करणं हेही आहे. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी करता येते. पोरांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला मदत मिळते. गटात अशी बाई असेल तर तिची नोंदणी हे गटाचं काम समजा.

४. जमिनीचा कागद

आता दुसरा कागद. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली घेतात. त्याच्या पायऱ्या अशा :

• ३ए : सरकार राजपत्रात जाहीर करतं की अमुक गटातली जमीन हवी आहे. त्याचा सारांश दोन स्थानिक पेपरमध्ये येतो, त्यातला एक आपल्या भाषेतला.
• ३सी : त्यानंतर २१ दिवसांत लेखी हरकत घ्यायची. २१ दिवस म्हणजे गटाच्या तीन आठवडी बैठका. पहिली चुकली तर दोनच उरतात.
• ३डी : ही घोषणा झाली की जमीन सरकारची. ३ए नंतर वर्षभरात ही घोषणा झाली नाही तर आधीची जाहिरात रद्द होते.
• ३जी : मोबदला ठरतो. रक्कम पटली नाही तर लवादाकडं दाद मागता येते.

मधेच मोजणी होते. त्या दिवशी बाईनं बांधावर हजर राहायचं. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, आंबा, नारळ सगळं नोंदलं का ते बघायचं. जे नोंदलं नाही त्याचा पैसा नाही. कोरा कागद असेल तर सही करायची नाही.

‘दुप्पट’ आणि ‘चौपट’ हे शब्द आपण ऐकतो. चोकाक ते अंकली पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी चौपट मोबदल्यासाठी आंदोलन केलं, ते आपल्या डोळ्यांदेखत. त्यामागचं गणित सोपं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभावाला आधी गुणांकानं गुणतात. ग्रामीण भागात हा गुणांक १ ते २ असतो. आलेल्या रकमेत झाडं-विहिरींची किंमत मिळवून तेवढीच रक्कम ‘दिलासा’ म्हणून वर देतात. समजा जमिनीचा बाजारभाव १० लाख.

गुणांक १ : १० लाख + दिलासा १० लाख = २० लाख. ही दुप्पट.
गुणांक २ : २० लाख + दिलासा २० लाख = ४० लाख. ही चौपट.

एका आकड्यानं एवढा फरक पडतो. म्हणून नोटीस आली की पहिला प्रश्न : गुणांक किती, आणि बाजारभाव कुठल्या व्यवहारांवरून धरला?

५. पैसे कुणाच्या खात्यात?

मोबदला निघतो तो ७/१२ वर ज्याचं नाव आहे त्याच्या नावानं. भांगलण, पेरणी, दूध-धारा बाईची. नाव मात्र सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं. जमीन जाते ती सगळ्यांची, पैसा येतो तो एकाच्या खात्यात. त्याची गाडी येते, बंगला चढतो आणि दोन वर्षांत शेतही नाही, पैसाही नाही, अशी घरं आपण पाहिलीत.

उपाय रस्त्याची मोजणी यायच्या आधी करायचा असतो :

• नवरा वारला असेल तर वारस नोंद लगेच करून घ्या. तलाठ्यांकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडं अर्ज करायचा.
• नवरा तयार असेल तर त्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून हा निर्णय १९९२ पासून आहे.
• २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच झाला. हक्कसोड पत्रावर सही करायची की नाही हे बहिणीनं स्वतः ठरवायचं. माहेर तुटेल ही भीती खरी आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण कशावर सही करतोय ते वाचून मगच ठरवावं.

गटाच्या बैठकीत बोला

१. आपल्यापैकी किती जणींचं नाव ७/१२ वर किंवा घराच्या उताऱ्यावर आहे? हात वर करून मोजा, आकडा रजिस्टरला लिहा.
२. गावाच्या हद्दीत किती खाणी आणि क्रशर आहेत? त्यांचा परवाना कधीपर्यंत आहे, हे कुणाला माहीत आहे का?
३. धुळीनं कुणाचा खोकला जात नाही? त्यांना आरोग्य केंद्रात कोण घेऊन जाणार?

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

प्रत्येकीनं आपल्या घराचा ७/१२ किंवा मिळकत उतारा आणायचा आणि सीआरपी ताईंच्या मदतीनं वाचायचा. गावात खण असेल तर ग्रामसंघानं माहिती अधिकारात एक अर्ज करायचा : परवाना, पर्यावरण मंजुरी, आणि खनिज निधीतून गावाला काय मिळालं. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जाची पोच जपून ठेवा.

बचतीचं पासबुक आपण दर आठवड्याला उघडून बघतो, एक रुपया चुकला तर विचारतो. जमिनीचा आणि डोंगराचा हिशोब त्याहून मोठा आहे. तोही तसाच विचारायचा.