वेळ लावून सराव : मावशीकडून शिकलेला धडा

नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर संपल्याची घंटा झाली, तेव्हा माझे पाच गुणांचे दोन प्रश्न कोरे होते. दोन्ही मला येत होते. आदल्या रात्री प्रेपमध्ये मी ते मित्राला समजावून सांगितले होते. घरी फोनवर मात्र मी सांगितले, "पेपर फार लांबलचक होता." वर्गातल्या बाकीच्यांना तोच पेपर होता आणि तेवढाच वेळ होता, हे मी सांगितले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीत जे शिकलो, ते या पानावर लिहीत आहे. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा किंवा एनडीएची लेखी परीक्षा ज्यांच्यासमोर आहे, त्यांना त्याचा उपयोग होईल असे वाटते.

सुट्टीत मी पुण्याला आजीकडे गेलो. माझी मावशी सैन्यात सिग्नल्समध्ये मेजर आहे. ती शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर आहे आणि तिची दहा वर्षे पूर्ण होत आली आहेत. पुढे व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे तिने ठरवले आहे, म्हणून रजा घेऊन ती जीमॅट या परीक्षेचा अभ्यास करत होती. जगभरातल्या बिझनेस स्कूलमध्ये या परीक्षेचे गुण चालतात. आपल्याकडे हैदराबाद-मोहालीच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये आणि अनुभवी लोकांसाठी असलेल्या अहमदाबाद आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातही ते घेतात. फौज सोडून नव्या कामाकडे वळणारे बरेच अधिकारी हा रस्ता निवडतात.

पहिल्याच दिवशी मावशीने माझ्या हातात स्टॉपवॉच दिले. "तू कॅडेट आहेस. बिगुलावर उठतोस, बिगुलावर झोपतोस. वेळ लावायचं काम तुझं."

आता परीक्षेचा हिशेब सांगतो. जीमॅटमध्ये तीन विभाग असतात आणि प्रत्येकाला ४५ मिनिटे मिळतात. गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३ आणि माहितीच्या विश्लेषणाचे २०. म्हणजे एकूण ६४ प्रश्न आणि सव्वादोन तास. गुण २०५ ते ८०५ यांच्या दरम्यान मिळतात. उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. पण शंका असलेल्या प्रश्नावर खूण करता येते, आणि विभाग संपल्यावर वेळ उरला तर परत जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. विभाग अर्धवट राहिला तर त्याचा फटका बसतो. तुम्ही बरोबर उत्तरे देत गेलात तर पुढचे प्रश्न कठीण येत जातात. त्यामुळे "आज पेपर अवघड जातोय" असे वाटले म्हणून घाबरायचे नसते. तो चांगल्या कामगिरीचा परिणामही असू शकतो.

मावशीने मला पहिला प्रश्न विचारला, "गणिताच्या एका प्रश्नाला किती वेळ?" मी भागाकार केला. ४५ मिनिटे म्हणजे २७०० सेकंद, भागिले २१. सुमारे १२९ सेकंद, म्हणजे दोन मिनिटे नऊ सेकंद. ती म्हणाली, "बरोबर. पण प्रत्येक प्रश्नानंतर घड्याळ बघत बसले, तर सोडवू कधी?" म्हणून आम्ही टप्पे ठरवले. सात प्रश्नांना १५ मिनिटे. सात झाल्यावर घड्याळात ३० मिनिटे उरलेली हवीत आणि चौदा झाल्यावर १५. रूट मार्चमध्ये पाऊल न् पाऊल मोजत नाहीत, ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोहोचलो की नाही एवढे पाहतात. तसेच हे.

रोज सकाळी ती जेवणाच्या टेबलावर पुस्तकातला २१ प्रश्नांचा एक संच सोडवायची आणि मी वेळ लावायचो. इथे माझ्याकडून चूक झाली.

पहिल्या दिवशी ४५ मिनिटे झाली, तेव्हा तिचे १७ प्रश्न झाले होते. पेन्सिल भराभर चालत होती. माझ्याने "टाइम अप" म्हणवेना. मी गप्प राहिलो. चार मिनिटांनी शेवटचा प्रश्न झाल्यावर म्हणालो, "टाइम अप!" दुसऱ्या दिवशीही तेच केले. मग सवयच झाली. वहीत १७ बरोबर, १८ बरोबर असे आकडे दिसू लागले. आजी खूश, मावशी खूश, मीही खूश.

मग एका रविवारी तिने संगणकावर पूर्ण सराव परीक्षा दिली. तिथले घड्याळ माझ्या हातात नव्हते. गुण आले ५८५. तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या मदतीशिवाय दिलेल्या परीक्षेतही ५८५च होते.

त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात मावशी आजीला सांगत होती, "आई, रोज इतके बरोबर येतात आणि परीक्षेत काहीच हलत नाही. बहुतेक हे माझ्याच्यानं होणार नाही. दुसरं काहीतरी बघते."

मी तसाच दारात उभा राहिलो. माझ्या चार मिनिटांमुळे ती स्वतःवरचा विश्वास गमावत होती. आत जाऊन मी सगळे सांगितले. वाटले, आता चांगलाच ओरडा बसणार. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रेंजवर बट पार्टीनं माझ्या टार्गेटवर नसलेली भोकं मोजून सांगितली असती, तर मी रायफल कधी दुरुस्त केली असती का? दया दाखवायची असेल तर चहा करून दे. घड्याळाला हात लावू नकोस."

आजी हसली. मला मात्र रडू आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी प्रत्येक प्रश्न संपला की मी ती वेळ वहीत लिहीत गेलो आणि ४५व्या मिनिटाला "टाइम अप" म्हणालो. २१ पैकी १४ बरोबर, ७ चूक. मग मावशीने वहीत चार रकाने आखले : प्रश्न क्रमांक, लागलेला वेळ, चुकीचा प्रकार, पुढच्या वेळी काय करायचे. चुकीचे प्रकारही चारच ठेवले : आले नाही, नीट वाचले नाही, आकडेमोड चुकली, वेळ संपला.

त्या सात चुका अशा निघाल्या. दोन प्रश्न आलेच नव्हते, दोन्ही संभाव्यतेचे. एक नीट वाचला नव्हता, फरक विचारला होता आणि तिने बेरीज दिली होती. उरलेले चार म्हणजे शेवटचे चार. ते तिने तीन मिनिटांत अंदाजाने उरकले होते. वेळेच्या रकान्यात कारण सापडले. सहाव्या प्रश्नाला सहा मिनिटे गेली होती आणि अकराव्याला पाच. ते दोन्ही बरोबर आले होते! दोन प्रश्न जिंकण्याच्या हट्टापायी चार प्रश्न न लढताच गेले होते.

आमच्या एनसीसी उस्तादांनी फायरिंगच्या वेळी शिकवलेले मला तेव्हा नीट समजले. गोळ्या टार्गेटभर विखुरल्या असतील, तर पकड, श्वास आणि ट्रिगर यांचा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. पण सगळ्या गोळ्या एका बाजूला जवळजवळ लागल्या असतील, तर नेमबाज चांगला आहे, फक्त साइट बदलायची आहे. मावशीच्या चुका एका जागी गोळा झालेल्या होत्या. तिचे गणित कच्चे नव्हते. तिला प्रश्न सोडून देता येत नव्हता.

म्हणून एक नियम केला. तीन मिनिटे झाली आणि पुढचा रस्ता दिसत नसेल, तर अशक्य पर्याय काढून टाकायचे, उरलेल्यांतला एक निवडायचा, खूण करायची आणि पुढे जायचे. पहिले काही दिवस तिला हे फार जड गेले. "फौजेत माघार घ्यायला शिकवत नाहीत रे," ती म्हणायची. मग स्वतःच म्हणायची, "पण राखीव तुकडी कुठं वापरायची, ते शिकवतात."

या परीक्षेत एक प्रश्नप्रकार असतो, तो मला फार आवडला. त्यात उत्तर काढायचेच नसते, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढेच सांगायचे असते. उदाहरण पाहा. एका पूर्ण संख्येला १२ने भाग जातो का? पहिली माहिती : तिला ६ने भाग जातो. दुसरी माहिती : तिला ४ने भाग जातो.

फक्त पहिली घेतली तर १२ही चालते आणि १८ही. १८ला १२ने भाग जात नाही, म्हणून ती अपुरी. फक्त दुसरी घेतली तर १२ही चालते आणि २०ही, म्हणून तीही अपुरी. दोन्ही एकत्र घेतल्या तर ६ आणि ४ यांचा लसावि १२, म्हणजे संख्येला १२ने भाग जाणारच. दोन्ही मिळून पुरेशा. मी सुरुवातीला दुसरी माहिती तपासताना पहिली डोक्यातून काढतच नसे आणि चुकत असे. मावशी म्हणाली, "एका वेळी एकच खबर तपासायची. मग दोन्ही जुळवायच्या." वेळ वाचवण्याचा धडाही यातच आहे. जेवढे विचारले आहे, तेवढेच सोडवायचे.

पूर्ण सराव परीक्षा मात्र तिने रोज दिली नाही. वजनकाट्यावर रोज उभे राहून वजन कमी होत नाही. कच्चा भाग आधी घड्याळाशिवाय शिकायचा, मग त्याचे छोटे संच वेळ लावून सोडवायचे आणि दोन आठवड्यांनी पूर्ण परीक्षा द्यायची. पूर्ण परीक्षेला सव्वादोन तास लागायचे आणि चुकांची वही भरायला दोन दिवस.

सुट्टी संपण्याआधीच्या परीक्षेत तिला ६१५ मिळाले. जुलैमध्ये फोनवर ६३५ कळले. ऑगस्टमधल्या खऱ्या परीक्षेत ६४५ आले. तिला आणखी थोडे हवे होते. अर्ज केले आहेत, प्रवेशाचा निकाल अजून यायचा आहे. पण "माझ्याच्यानं होणार नाही" हे वाक्य मी पुन्हा ऐकले नाही.

शाळेत परतल्यावर मी हाच हिशेब स्वतःला लावला. दहावीचा गणिताचा पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. १८० भागिले ८० म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. पाच गुणांच्या प्रश्नाला सव्वाअकरा मिनिटांपेक्षा जास्त द्यायची नाहीत. नववीत मी एका भूमितीच्या सिद्धतेला २५ मिनिटे दिली होती. म्हणजे पेपर लांबलचक नव्हताच.

मोठ्या वर्गातल्या मित्रांसाठी एनडीएचाही हिशेब करून पाहिला. गणिताच्या पेपरला १५० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. बरोबर उत्तराला अडीच गुण, आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश वजा. चारही पर्याय सारखेच वाटत असताना डोळे मिटून निवड केली, तर सरासरी फायदा शून्य आणि वेळ वाया. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळले, तर उरलेल्या तिनांतून निवडणे सरासरीने फायद्याचे ठरते. जीमॅटमध्ये प्रश्न अर्धवट ठेवणे महाग पडते, एनडीएमध्ये आंधळा अंदाज निरुपयोगी असतो. म्हणून आधी त्या परीक्षेचे नियम वाचा आणि मग डावपेच ठरवा.

थोडक्यात मी पाळतो ते असे :

१. आधी विषय शिकतो, मग घड्याळ लावतो.
२. पेपरचे टप्पे पाडतो आणि फक्त टप्प्यावर घड्याळ पाहतो.
३. अडलो तर खूण करून पुढे जातो.
४. चुकांची वही त्याच दिवशी भरायला घेतो.
५. वेळ संपली की पेन खाली. वाक्य अर्धे असले तरी.

पाचवा नियम सगळ्यांत अवघड आहे. प्रेपमध्ये माझा बडी माझी वेळ लावतो आणि मी त्याची. त्याला मी आधीच बजावले आहे की दया दाखवायची नाही.

पालकांना आणि सरांना एक विनंती आहे. सराव परीक्षेनंतर "किती मिळाले?" असे विचारण्याआधी "चुका कोणत्या प्रकारच्या झाल्या?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला आम्ही कधी कधी सबबी सांगतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला वही उघडावी लागते.

या सहामाहीत मला गणितात ८० पैकी ७१ मिळाले. एकही प्रश्न कोरा राहिला नाही. गेलेल्या नऊ गुणांपैकी चार घाईत प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेले. ते वहीत लिहिले आहेत. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत तो रकाना रिकामा करायचा आहे.