मोती वाचला

इरफान आणि शबाना ही भावंडे. त्यांच्या शेजारी कदमकाका राहत. काकांच्या अंगणात खूप फुलझाडे होती. मोती नावाचे कुत्र्याचे पिल्लूही होते. मोती पाच महिन्यांचा होता. त्याला नवे दात येत होते, म्हणून तो दिसेल ती वस्तू चावत असे.

एके दिवशी सकाळी काकांनी कुंपणाजवळची कण्हेर छाटली. फांद्यांचा ढीग अंगणातच ठेवून ते घरात गेले. थोड्या वेळाने इरफान चेंडू आणायला अंगणात आला. पाहतो तो काय, मोती कण्हेरीची पाने चघळत होता!

इरफानने मोतीला बाजूला ओढले. तो ओरडला, "शबाना, मोतीने कनेर खाल्ली!" त्यांच्या घरी कण्हेरीला कनेर म्हणत.

शबाना धावत आली. काकाही बाहेर आले. मोती शेपटी हलवत उभा होता.

"अरे, याला काहीच झालेले नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहू," काका म्हणाले.

"नको काका," शबाना म्हणाली, "कण्हेरीचे पान, फूल, फांदी सारे विषारी असते. आम्हांला बाईंनी शिकवले आहे. आत्ताच दवाखान्यात जाऊ या."

"मी मिठाचे पाणी आणू का? त्याने उलटी होईल," इरफानने विचारले.

"आपल्या मनाने काही नको. आधी डॉक्टरांना विचारू," काका म्हणाले.

शबानाने कण्हेरीची एक फांदी कागदात गुंडाळून घेतली. तिघेही रिक्षाने पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी फांदी पाहिली आणि लगेच मोतीला तपासले. इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली. मग औषधी कोळसा पाण्यात कालवून पाजला आणि त्याला रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतले. त्या रात्री इरफानला झोप लागली नाही.

सकाळी तिघे दवाखान्यात गेले. मोतीने त्यांना पाहून शेपटी हलवली.

"रात्री याच्या हृदयाचे ठोके मंदावले होते. आता तो बरा आहे," डॉक्टर म्हणाले. "कण्हेरीचे विष हृदयावर परिणाम करते. वाळलेली पानेही तितकीच घातक असतात. त्रास दिसेपर्यंत थांबला असता, तर कदाचित उशीर झाला असता. फांदी आणली, हे फार चांगले केले. विष कोणते ते लगेच समजले. मिठाचे पाणी मात्र कधीच पाजू नका. जास्त मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतते."

"आणखी कोणती झाडे विषारी असतात?" शबानाने विचारले.

"एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीची फळे, धोतरा, कुंडीतले सायकस. खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड तर कुत्री आवडीने खातात. तीही विषारी असते."

काका गप्प होते. घरी आल्यावर ते म्हणाले, "पूजेला फुले लागतात, म्हणून कण्हेर तोडवत नाही. पण तिच्याभोवती जाळी लावू."

इरफानने जाळी धरली, काकांनी खिळे ठोकले. शबानाने जमिनीवरचे पान न् पान वेचले. मोती लांबून पाहत होता.

शब्दार्थ
छाटणे – कापून लहान करणे
घातक – जिवाला धोका करणारे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय
१. मोती दिसेल ती वस्तू का चावत असे?
२. शबानाने फांदी बरोबर घेतली, त्याचा काय उपयोग झाला?
३. तुमच्या घराजवळची विषारी झाडे मोठ्यांना विचारून लिहा.