महाविद्यालयाच्या खर्चाची तरतूद

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टांत आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. नंदुरबारकडे मिरचीचा पैसा हिवाळ्यांत येतो. महाविद्यालयाचा प्रवेश मात्र जून-जुलैमध्यें, बीं-खताच्या खर्चाबरोबरच येऊन ठेपतो. कित्येक हुशार मुलांचें शिक्षण बुद्धीच्या अभावीं नव्हे, तर महिन्यांचा हा मेळ न बसल्यामुळें थांबतें.

यास्तव पालकहो, मूल आठवींत असतांनाच पोस्टांत पांच वर्षांची आवर्ती ठेव उघडावी. ती दरमहा १०० रुपयांपासून उघडतां येते, आणि मिरची विकली कीं वर्षाचे बारा हप्ते एकदम भरतां येतात.

फीपेक्षां जेवणखाण व खोलीभाडें जड जातें. शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांस पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेंतून त्यासाठीं रक्कम मिळते. परंतु अशा रकमा हातीं येण्यास विलंब लागतो, व खाणावळवाला थांबत नाहीं. निदान चार महिन्यांचें जेवण आपल्या गांठीशीं असावें. जातपडताळणीचे कागद अकरावींतच करावे. ऐन प्रवेशाच्या आठवड्यांत रडकुंडीस आलेले पालक मीं पुष्कळ पाहिले आहेत.

सावकारापेक्षां बँकेचें शैक्षणिक कर्ज बरें. चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाहीं व फेड शिक्षणानंतर सुरू होते. व्याज मात्र मधल्या काळांतही चढत असतें.

मुलांनो, तुम्हीही हातभार लावावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं साताऱ्यास काढलेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत मुलें श्रम करून शिकलीं. ‘कमवा व शिका’ योजना आज अनेक महाविद्यालयांत आहे. प्रवेशाच्या दिवशींच तिची चौकशी करावी.