फुटलेले खोके कोणाचे?

मंडळी, पूर्वी आपला माल आपल्याच बैलगाडीतून बाजाराला जाई. गाडी घरची, बैल घरचे, हाकणाराही घरचाच. वाटेत मडके फुटले तर ते कोणाच्या हातून फुटले हे विचारावे लागत नसे. आता माल ट्रकने दूरदूर जातो. तो कोण उचलतो, कोण ठेवतो, रात्री कोणत्या गावी उतरतो, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून माल फुटका निघाला की प्रश्न येतो, भरून कोण देणार?

तुमच्यापैकी काहीजण माल पाठवणारे असतील. कोणाचा मुलगा मालवाहतूक कंपनीत हमाल असेल, कोणाचा भाऊ ट्रकवर क्लीनर असेल. हा पाठ दोघांसाठीही आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. रत्नागिरीकडच्या बायकांच्या एका बचत गटाने कोकम सरबत केले, असे समजा. काचेच्या बाटल्या भरल्या. एका खोक्यात १२ बाटल्या, अशी १२ खोकी झाली. म्हणजे १४४ बाटल्या. एका बाटलीची किंमत १२० रुपये धरली, तर सगळा माल १७,२८० रुपयांचा झाला. तो नागपूरच्या दुकानदाराकडे पाठवला. भाडे ९०० रुपये.

नागपूरला दुकानदाराने खोकी उघडली, तर ९ बाटल्या फुटलेल्या. त्याने गटाचे १,०८० रुपये कापून घेतले. गटाने कंपनीला फोन केला. कंपनीचा कारकून म्हणाला, "आमच्याकडून माल बरोबर गेला." ड्रायव्हर म्हणाला, "मी फक्त गाडी चालवतो, माल हमाल भरतात." हमाल म्हणाला, "आमच्याकडं आला तेव्हाच खोकं ओलं होतं." सगळे खरे बोलत असतील, किंवा कोणीच बोलत नसेल. कळणार कसे? कोणी काही लिहूनच ठेवलेले नाही!

आता हा माल किती हातांतून गेला ते मोजा. गावाहून छोट्या टेम्पोत चढला, गोदामात उतरला. तिथून मोठ्या ट्रकमध्ये चढला, नागपूरच्या गोदामात उतरला. पुन्हा टेम्पोत चढला, दुकानाशी उतरला. म्हणजे सहा वेळा उचलला आणि सहा वेळा ठेवला. वाटेत आणखी एखादे गोदाम लागले तर आठ वेळा. चालत्या गाडीत माल फुटत नाही असे नाही. खड्डे आहेत, दोर सैल पडतो, ताडपत्री फाटलेली असते. पण गाडीतली पुष्कळशी मोडतोडही माल कसा रचला यावरच ठरते. जड माल खाली आणि हलका वर, हा साधा नियम. घाईत तो उलटा होतो आणि काचेवर लोखंड येते.

घाई कोण करतो, हेही पाहिले पाहिजे. हमालाला पुष्कळ ठिकाणी नगावर मजुरी मिळते. नग म्हणजे एक पोते, एक खोके, एक गाठोडे. जितके नग उचलाल तितके पैसे. त्यात ट्रक रात्री दोनला येतो. मुकादम ओरडतो, "चला, आटपा, गाडी सुटायचीय!" गोदामात दिवा एकच, तोही कोपऱ्यात. अशा वेळी खोके हातातून निसटले तर दोष एकट्या हमालाचा म्हणायचा का? आम्हाला तसे वाटत नाही.

पण हेही खरे की काही जण मुद्दाम माल फेकतात. 'आपलं काय जातं?' ही बोली सगळीकडे ऐकू येते. आम्ही शाळेत असताना खडूच्या पेट्या यायच्या. पेटी हलवली की आत खुळखुळा वाजायचा. शिपाई म्हणायचा, "गुरुजी, तुकड्यांनीबी लिहिता येतंय की." लिहिता येत होते, पण शाळेचे पैसे मात्र अख्ख्या खडूचे गेलेले असत.

तेव्हा चूक वेगळी आणि हयगय वेगळी. हात निसटला ही चूक. खोक्यावर पेल्याचे चित्र असूनही ते फेकले ही हयगय. आणि फुटलेले पाहूनही गप्प बसणे हे या दोन्हींहून वाईट, कारण त्यामुळे पुढच्या माणसावर आळ येतो.

माणसे गप्प का बसतात? पुष्कळ कंपन्यांत एक वाईट चाल आहे. काही फुटले, की जो पहिल्यांदा सांगेल त्याच्याच पगारातून पैसे कापायचे. मग काय होते? हमाल ओले खोके भिंतीकडे तोंड करून ठेवतो. कोरडी बाजू बाहेर. पुढच्या ट्रकमध्ये ते तसेच चढते. सरबत झिरपून शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर जाते, आणि कोकमाचा डाग निघायला किती अवघड हे बायकांना सांगायला नको. एका खोक्याचे नुकसान होते, त्याचे पाच जणांचे होते. दंडाने मोडतोड थांबली नाही. ती फक्त झाकली गेली.

पगार कापण्यालाही कायद्याची मर्यादा आहे. मजुरीच्या १९३६ च्या कायद्यात ती होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. माल त्या माणसाच्या ताब्यात सोपवलेला असला पाहिजे. नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे. कापायच्या आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. आणि झालेल्या नुकसानापेक्षा एक पैसाही जास्त कापता येत नाही. 'रात्रपाळीत फुटलं ना, मग पाळीतल्या सगळ्यांचे शंभर शंभर कापा,' हा न्याय नव्हे. आपल्या राज्यात माथाडी आणि हमालांसाठी १९६९ चा वेगळा कायदाही आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याची नोंदणी करणारी मंडळे आहेत. मुलगा हमाली करत असेल तर त्याचे नाव मंडळात आहे का, हे विचारा.

मग कंपनीने करावे काय? गोदामाच्या दाराशी एक वही टांगावी. माल हातात घेताना प्रत्येकाने पाहावे आणि दोष दिसला तर लिहावे. तारीख, पावतीचा नंबर, किती नग, काय दिसले, कोणत्या गाडीतून आला. लिहिणाऱ्याला दंड नाही. न लिहिता पुढे ढकलणाऱ्याला मात्र जाब विचारावा. आठवड्याने मुकादमाने ती वही सगळ्यांसमोर वाचावी. समजा, वहीत दिसले की चेपलेली खोकी बहुतेक एकाच धक्क्यावरची आहेत. जाऊन पाहावे, तर तो धक्का ट्रकच्या तळापेक्षा हातभर खाली! तिथे माल उचलून नव्हे, ढकलूनच चढवावा लागतो. एक फळी टाकली की काम झाले. ती फळी टाकणे मालकाचे काम, हमालाचे नव्हे.

आता माल पाठवणाऱ्याकडे येऊ. कंपनीच्या आत दोष कोणाचा, हे शोधणे आपले काम नाही. आपल्यासमोर जबाबदार कंपनी. सडकेने माल नेण्याचा कायदा २००७ साली झाला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याआधी १८६५ चा, इंग्रजांच्या वेळचा कायदा चालत होता. नव्या कायद्याप्रमाणे दावा केला तर कंपनीची हयगय आपल्याला सिद्ध करावी लागत नाही. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशी कारणे असतील तर कंपनी सुटते. पण काळजी घेऊन नुकसान टळले असते, तर तेव्हाही सुटत नाही.

पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, बारीक अक्षरांत कधी छापलेले असते, 'माल मालकाच्या जोखमीवर'. ते वाचून पुष्कळजण घरी परततात. जुन्या कायद्याखालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले, की असे शब्द असले तरी कंपनी आपल्या हयगयीतून सुटत नाही.

पण भरपाई किती मिळेल, हे नीट समजून घ्या. माल देताना एक कागद भरून द्यावा लागतो. त्यात मालाची किंमत लिहायची असते. ती खरी लिहा. नेहमीच्या भाड्यात कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही लिहिलेल्या किमतीच्या आतच. आपल्या गटाने ९०० रुपये भाडे दिले. दहापट म्हणजे ९,००० रुपये. नऊ बाटल्यांचे १,०८० त्यात बसतात. पण सगळाच माल गेला असता, तर १७,२८० पैकी ९,००० च हाती आले असते. त्याहून जास्त हवे असेल तर जादा जोखमीचे जादा भाडे आधीच ठरवावे लागते. माल मौल्यवान असेल तर ते विचारून घ्या.

खोके आतून घट्ट भरा. बाटली बाटलीला लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घाला. बाहेर चित्रे काढा. पेला म्हणजे फुटणारा माल, छत्री म्हणजे पावसापासून जपा, वर टोक केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर. ज्याला आपली भाषा वाचता येत नाही त्यालाही ही कळतात.

आणि माल घेताना घाई करू नका. ड्रायव्हर म्हणेल, "मामा, सही करा पटकन, मला पुढं जायचंय." तुम्ही म्हणा, "थांबा दादा, पाच मिनिटं. नग मोजू द्या." मोजा. ओले, चेपलेले, पुन्हा शिवलेले काही आहे का पाहा. 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असे छापलेले असेल आणि तुम्ही खाली नुसती सही केलीत, तर पुढे तीच सही कंपनी तुम्हाला दाखवील. म्हणून सहीच्या वर आपल्या हाताने लिहा. असे:

"१२ खोकी मिळाली. पैकी २ खोकी ओली व कोपऱ्यात चेपलेली. ड्रायव्हरसमोर उघडली. ९ बाटल्या फुटलेल्या."

खाली तारीख घाला, मग सही करा. ड्रायव्हरचीही सही घ्या. त्याने नाही दिली तर 'सही दिली नाही' असे लिहा. फोटो काढून ठेवा.

त्यानंतर कंपनीला लेखी नोटीस द्या. नुसता फोन चालत नाही. कोर्टात जायची वेळ आली तर ही नोटीस आधी दिलेली असावी लागते, आणि तीही १८० दिवसांच्या आत. हे दिवस माल कंपनीकडे दिला त्या तारखेपासून मोजतात, घरी आला तेव्हापासून नव्हे. नोटिशीची एक प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

अभ्यास

१. घरातली मालाची एखादी जुनी पावती काढा. तिच्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचा.

२. एका पोत्यातून तांदूळ सांडला आहे. पावतीवर काय लिहाल? दोन ओळी लिहा.

३. माल ५ जूनला कंपनीकडे दिला. १८० दिवस कधी संपतील? दिनदर्शिका घेऊन मोजा.