समुद्रसिंहाची माता व तिचें पिलूं

सर्कशीच्या चित्रांत नाकावर चेंडू तोलून धरणारा एक काळसर, चकचकीत प्राणी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. लोक त्यास सील म्हणतात. पण तो बहुधा सील नसून समुद्रसिंह असतो. भारताच्या किनाऱ्यावर हा प्राणी आढळत नाहीं. त्याच्या जाती अनेक आहेत. परंतु प्रस्तुत पाठांत आपण अमेरिकेच्या पश्चिमेस, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या जातीचाच विचार करूं, कारण तिचा अभ्यास फार बारकाईनें झालेला आहे.

सील व समुद्रसिंह ह्यांतील भेद मुलांसही सहज सांगतां येईल. समुद्रसिंहाच्या डोक्यास बाहेरून दिसणारे लहानसे कान असतात; सीलास केवळ छिद्रें असतात. दुसरें असें कीं, समुद्रसिंह आपले मागचे पाय शरीराखालीं पुढें वळवूं शकतो, म्हणून तो खडकावर चार पायांनीं चालतो व प्रसंगीं धांवतोही. सील बिचारा पोटावर सरपटतो. पाण्यांत समुद्रसिंह आपले पुढचे लांब पाय वल्ह्यांप्रमाणें मारून पोहतो. तो मासा नव्हे, हें विसरूं नये. तो उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनीं श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा प्राणी आहे. बुडी मारतांच त्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात व सांठविलेली हवा पुरवून पुरवून वापरली जाते. अडीचशे मीटरांहून अधिक खोल गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. अंधाऱ्या पाण्यांत भक्ष्याचा माग काढण्यास मिशांचे राठ केंस उपयोगी पडतात. सार्डीन (आपल्या कोंकणांतील तारलीचाच हा भाऊबंद), अँचोव्ही व माकूळ हें त्याचें मुख्य अन्न होय.

उन्हाळ्याच्या आरंभीं हे प्राणी सॅन मिगेलसारख्या बेटांवर जमतात. पूर्ण वाढलेला नर सुमारें ३५० किलो भरतो, तर मादी अवघी १०० किलोंच्या आसपास. किनाऱ्याचा एकेक तुकडा बळकावून नर रात्रंदिवस भुंकत पहारा देतो, आणि जागा हातची जाईल ह्या धास्तीनें आठवडेच्या आठवडे अन्नास शिवत नाहीं. पुस्तकांतून ह्यास पुष्कळदां जनानखान्याचा धनी म्हटलेलें आढळतें. तें वर्णन मला यथार्थ वाटत नाहीं. कारण माद्या त्याच्या हद्दींतून खुशाल ये-जा करितात, व तो त्यांस फारसा अडवूं शकत नाहीं.

बहुतेक पिलें जून महिन्यांत जन्मतात. जन्मतःच त्यांचे डोळे उघडे असतात. पहिल्या आठवड्यांत माता पिलाजवळून हालत नाहीं, आणि ह्याच दिवसांत दोघांची ओळख पक्की होते. ती साद घालते, पिलूं उत्तर देतें, ती त्याचा वास घेते. असें वारंवार चालतें. पुढें भूक अनावर होते व ती समुद्रांत जाते. दोन, तीन, कधीं चार दिवस पिलूं खडकावर एकटें असतें. माता परतते तेव्हां शेंकडों पिलें तेथें ओरडत असतात. ती हांक मारीत चालते; तिचें पिलूं तो आवाज ओळखून ओ देत पुढें येतें. शेवटची खात्री ती वासानें करून घेते. परकें भुकेलें पिलूं दुधाच्या आशेनें जवळ आलें, तर ती त्यास चावून दूर लोटते. हें आपणांस निष्ठुर वाटेल. परंतु तिचें दूध एकाच पिलाच्या पुरतें असतें. तें गाईच्या दुधाहून कितीतरी अधिक स्निग्ध असतें, म्हणूनच पिलूं इतके दिवस तग धरूं शकतें. दूध पिणें बहुधा वर्षाच्या आसपास चालतें.

तेव्हां बेटावर एकटें पडलेलें पिलूं म्हणजे टाकलेलें पिलूं, असें समजण्याचें कारण नाहीं. आई गेली आहे ती त्याच्याच दुधाच्या सोयीसाठीं. खरा धोका निराळा आहे. कांहीं वर्षीं समुद्राचें पाणी नेहमींहून ऊन होतें, खालचें थंड व पोषक पाणी वर येत नाहीं, आणि माशांचे थवे दूर किंवा खोल जातात. मग मातेस लांब जावें लागतें, परतण्यास विलंब लागतो, व आली तरी दूध थोडें. १९८३ व १९९८ सालीं एल निन्यो नामक उष्ण प्रवाहाच्या काळांत असेंच घडलें. २०१५ सालीं पाणी पुन्हां तापलें, तेव्हां भुकेनें व्याकूळ झालेलीं पिलें आईची वाट न पाहतां स्वतःच समुद्रांत उतरलीं, व तीन हजारांहून अधिक पिलें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यास लागलीं. कित्येकांचीं हाडें कातड्याखालून दिसत होतीं.

ह्या जातीची एकंदर संख्या घटलेली आहे असें मात्र नव्हे. १९७२ च्या कायद्यानें अमेरिकेंत तिला संरक्षण मिळालें, व २०१४ च्या सुमारास ती अडीच लाखांवर असल्याचा अंदाज होता. परंतु उपाशी पिलास ह्या आंकड्याचा काय उपयोग? सॉसलीटो येथें १९७५ सालीं स्थापन झालेल्या मरीन मॅमल सेंटरसारख्या संस्था अशीं पिलें उचलून नेतात. किनाऱ्यावर पिलूं दिसल्यास त्यास हात लावूं नये, पाण्यांत ढकलूं नये, दूर राहून केवळ वर्दी द्यावी, असें त्या लोकांस बजावितात. अशक्त पिलास प्रथम माशांची पातळ पेज नळीनें पाजतात. मग अख्खा मासा देतात. आणि तें आपण होऊन मासे पकडूं लागलें म्हणजे पुढच्या पायास खुणेचा बिल्ला लावून त्यास समुद्रांत सोडून देतात.